बांधकामाचा कारभारी कसा असावा?



गेल्या महिन्यात एका विवाहसमारंभात जुने परिचित व्यापारी भेटले. मी बँकेत असताना त्यांचे खाते आमच्याच शाखेत होते. आता धान्याच्या व्यापारासाठी मोठे गोदाम बांधण्याचा त्यांचा संकल्प आहे. जागा घेऊन झाली आहे, आर्किटेक्टने नकाशे दिले आहेत, ठेकेदाराचे दरपत्रक हाती आहे आणि कर्जाची बोलणीही अखेरच्या टप्प्यात आहेत. जेवणानंतर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, बाकी सगळे जमले. आता साइटवर कोणाला उभे करू? पुतण्या मोकळाच आहे. विश्वासाचा आहे, एका पैशाला हात लावणार नाही. बाहेरचा माणूस ठेवायचा म्हणजे त्याचा पगार उगाच अंगावर."

मी त्यांना त्या वेळी उत्तर दिले नाही. "चार दिवसांनी फोन करतो," एवढेच म्हणालो. कारण हाच प्रश्न सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्यासमोर आला होता आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो. त्या मौनाची किंमत दुसऱ्याने मोजली. आज ती हकिकत सांगण्याचे धाडस करतो, कारण आपल्यापैकी अनेक घरांत आता दुकानाच्या जोडीला गोदाम, कारखाना, शीतगृह किंवा इमारतीचा पुनर्विकास असे काही ना काही बांधकाम निघत आहे.

एका शीतगृहाची कथा

मी तेव्हा सांगली भागातील एका शाखेत होतो. तेथील एका प्रतिष्ठित पेढीने बेदाण्यासाठी चार कक्षांचे शीतगृह बांधावयास घेतले. कर्ज चार कोटींचे, व्याज बारा टक्के. बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. माल त्याच दिवसांत शीतगृहात गेला तर वर्षभराचे भाडे मिळते, एरवी कक्ष रिकामे राहतात. म्हणजे हे काम मार्चपूर्वी पुरे होणे हाच त्या प्रकल्पाचा प्राण होता.

साइटवर पस्तिशीतील एक पदविकाधारक अभियंता व्यवस्थापक म्हणून नेमला होता. बोलणे बेताचे, हातात सदैव एक जाड डायरी. दिवाळीनंतर मी पाहणीस गेलो तेव्हा त्याने मला शेडच्या सावलीत नेले आणि डायरी उघडून दाखवली. "साहेब, भिंती वेळेवर होतील, छतही होईल. पण कॉम्प्रेसर आणि उष्णतारोधक पॅनेलची ऑर्डर अजून गेलेली नाही. शेठजी दरावर अडून बसले आहेत. पुरवठादार चौदा आठवडे मागतो. येत्या आठ दिवसांत आगाऊ रक्कम गेली नाही तर मार्च हुकतो. रोहित्राचा अर्जही रेंगाळला आहे. माझे म्हणणे, चारही कक्ष एकदम ओढण्यापेक्षा दोन आधी पुरे करू या. निदान अर्धा हंगाम तरी पदरात पडेल."

हेच तो शेठजींनाही बोलला होता. शेठजींना ते रुचले नाही. त्यांनी बाजारात चारही कक्षांची जागा आधीच कबूल केली होती. "काम सुरू होऊन चार महिने झाले नाहीत आणि याचे रडगाणे सुरू," असे म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात त्याला निरोप दिला आणि त्याच्या जागी आपल्या भाच्याला बसवले.

भाचा खरोखरच सचोटीचा होता. सिमेंटचे पोते न पोते त्याने मोजून घेतले. परंतु कोणत्या कामाआधी कोणते काम, हे त्याला ठाऊक नव्हते. शीतगृहात जमिनीखालीही उष्णतारोधक थर घालावा लागतो. तो थर येण्यापूर्वीच ठेकेदाराने दोन कक्षांच्या जमिनीचे काँक्रीट उरकून घेतले, कारण त्याचे बिल त्यावर निघणार होते. पोत्यांचा हिशेब तंतोतंत जुळला. काँक्रीट मात्र फोडावे लागले.

आणि मी काय केले? आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रात ते काँक्रीट 'पूर्ण झालेले काम' म्हणून नोंदले होते. कागद नियमानुसार होता, तिमाहीअखेर जवळ आली होती, शाखेचे कर्जवाटपाचे उद्दिष्ट पुरे व्हावयाचे होते. मी पुढचा हप्ता सोडला. वस्तुतः मंजुरीच्या अटींनुसार हप्ता थांबवून शेठजी, आर्किटेक्ट आणि अभियंता यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार मला होता. डायरीतील ती पाने मी स्वतः वाचली होती. तरीही मोठ्या खातेदाराच्या घरच्या निर्णयात आपण कशाला पडा, असे म्हणून मी गप्प राहिलो.

यंत्रे एप्रिलच्या अखेरीस आली, वीजजोडणी जूनमध्ये मिळाली. हंगाम गेला. जुलैपासून कर्जाचे हप्ते सुरू झाले आणि उत्पन्न शून्य. शेठजींनी शब्द पाळला, बँकेचा एक रुपयाही बुडू दिला नाही. मात्र त्यासाठी त्यांच्या आजोबांनी पेठेत सुरू केलेले दुकान विकावे लागले. ते खरेदीखत झाले त्या दिवशी ते शाखेत येऊन रक्कम भरून गेले. माझ्याशी बोलले, चहाही घेतला. मला मात्र त्यांच्या नजरेस नजर देता आली नाही.

पहिला गुण: वाईट बातमी वेळेवर सांगणे

या अनुभवानंतर कर्जाच्या निमित्ताने मी जेव्हा जेव्हा साइटवर गेलो, तेव्हा आधी माणूस पाहू लागलो आणि नंतर विटा. माझे मत असे बनले की बांधकाम व्यवस्थापकाचा पहिला गुण म्हणजे अप्रिय गोष्ट लवकर सांगण्याचे धैर्य. दुकानात चूक झाली तर माल परत करता येतो, भाव उतरवून विकता येतो. बांधकामात चूक काँक्रीटखाली गाडली जाते आणि तिच्यावर व्याज चढत राहते. नोव्हेंबरमध्ये सांगितलेली अडचण ही केवळ माहिती असते. तीच मार्चमध्ये कळली तर ते नुकसान असते.

'सगळे ठीक आहे, शेठजी' असे दर आठवड्याला सांगणारा माणूस ऐकावयास गोड वाटतो. पण ज्या कामावर दहा प्रकारचे कारागीर, वीस पुरवठादार आणि वरून पाऊस आहे, तेथे सगळे ठीक कधीच नसते. अडचण ज्याला दिसत नाही तो अजाण, आणि दिसूनही जो सांगत नाही तो भित्रा. दोघेही महाग पडतात.

क्रमाचे ज्ञान आणि काळाचा हिशेब

दुसरा गुण म्हणजे क्रमाचे ज्ञान. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील डुपाँ या रसायन कंपनीत कारखान्यांच्या उभारणीसाठी एक पद्धत विकसित झाली. तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. कल्पना सोपी आहे. शंभर कामांपैकी काही कामांची अशी एक साखळी असते की तिच्यातील एक कडी आठ दिवस लांबली तर सारा प्रकल्प आठ दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. आमच्या शीतगृहात भिंतींना सवड होती, कॉम्प्रेसरला नव्हती. शेठजी रोज भिंतीची उंची पाहत होते. अभियंता डायरीत कॉम्प्रेसर पाहत होता.

काळाचा हिशेब आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना खरे तर सहज समजावा. चार कोटींची पूर्ण उचल झाल्यावर बारा टक्क्यांनी महिन्याचे व्याज चार लाख होते, म्हणजे दिवसाला सुमारे तेरा हजार. आता साठ हजार पगाराच्या माणसाऐवजी ऐंशी हजारांचा जाणता माणूस ठेवला तर महिन्याला वीस हजार जास्त जातात. म्हणजे दीड दिवसाचे व्याज. त्या माणसाने महिन्याकाठी दोन दिवस वाचवले तरी त्याचा वाढीव पगार फुकट पडला.

मात्र घाई म्हणजे गती नव्हे. कोठे थांबावे हे कळणे हाही काळाचाच हिशेब आहे. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारत राहिले पाहिजे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढावयाचे नाहीत. काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद सात आणि अठ्ठावीस दिवसांनी तपासली जाते. सातव्या दिवशी ती अखेरच्या ताकदीच्या साधारण दोनतृतीयांश असते. सेंट्रिंगवाला आपल्या फळ्या दुसऱ्या कामावर नेण्यासाठी चौथ्याच दिवशी मागू लागतो, मालक वरचा मजला केव्हा सुरू होणार असे विचारतो. या दोघांनाही शांतपणे 'नाही' म्हणणारा तोच खरा व्यवस्थापक.

माणसे ऐकून घेणे

या विषयात ई. श्रीधरन यांचे उदाहरण टाळता येत नाही. डिसेंबर १९६४ मधील वादळात रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबन पुलाचे शंभराहून अधिक गर्डर समुद्रात वाहून गेले. रेल्वेने दुरुस्तीस सहा महिन्यांची मुदत ठरवली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. तरुण श्रीधरन यांनी काम ४६ दिवसांत पुरे केले. नवे गर्डर दूरवरून आणण्यात वेळ जाणार होता. मच्छीमारांकडून मात्र कळले की वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी दिसतात. तेच बाहेर काढून पुन्हा बसवण्यात आले. अभियंत्याने मच्छीमाराचे ऐकले, हे या कथेतील मला सर्वांत मोलाचे वाटते.

पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदांहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल. पैशाचा मोठा भाग रोख्यांतून उभा केलेला, म्हणजे विलंबावर व्याज आलेच. कामाच्या जागी उलटे चालणारे घड्याळ लावले जाई आणि मुदतीला किती दिवस उरले ते प्रत्येकास दिसे. निर्णयाचे अधिकार विभागवार मुख्य अभियंत्यांकडे सोपवले होते, प्रत्येक कागद मुंबईला जाण्याची गरज नव्हती. तरीही गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ, ओल्या मातीने अनेक वर्षे दमवले आणि संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. निसर्ग कोणत्याही घड्याळास बांधील नाही. अशा वेळी माती कशी आहे ते मान्य करून पद्धत बदलणे एवढेच व्यवस्थापकाच्या हाती असते.

आपल्या साध्या गोदामावरही हेच लागू आहे. गवंडी, सळई बांधणारे, प्लंबर, वीजतंत्री, शेजारचा जमीनमालक, वीजमंडळाचा अधिकारी, नगरपालिकेचा निरीक्षक, प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे. जोत्याच्या कोपऱ्यात पाणी झिरपते आहे हे सर्वांत आधी पाणी मारणाऱ्या मजुराला दिसते. त्याने ते न घाबरता साहेबांना सांगितले पाहिजे, आणि साहेबांनी जाऊन पाहिले पाहिजे.

जबाबदारी अंगावर घेणे

१२ जुलै २००९ रोजी दिल्ली मेट्रोच्या बांधकामात जमरुदपूर येथे उभारणी चालू असलेला पुलाचा भाग कोसळला आणि कामगार दगावले. त्याच दिवशी श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, हे वेगळे. ठेकेदार, उपठेकेदार, क्रेनचालक यांच्याकडे बोट दाखवणे त्यांना सहज शक्य होते.

बांधकामावर मृत्यू फार जवळ उभा असतो. हेल्मेट, दोरीचा पट्टा, उघड्या डक्टवर झाकण, परांचीच्या बांबूंची तपासणी, या गोष्टी खर्चाच्या यादीत शेवटी येतात आणि काटकसर सुरू झाली की आधी त्यांनाच कात्री लागते. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम कामगारांची नोंदणी आणि बांधकाम खर्चावरील उपकर लागू केला. कायदा कागद मागतो. मजुराच्या घरच्यांना मात्र तो संध्याकाळी सुखरूप परत हवा असतो. सुरक्षेच्या कारणासाठी अर्धा दिवस काम थांबवणाऱ्या व्यवस्थापकास कोणीही मालकाने बोल लावू नये.

मालकाने काय करावे?

येथवर व्यवस्थापकाचे गुण झाले. परंतु आमचे शीतगृह केवळ भाच्याच्या अज्ञानाने अडले नाही. गुणी माणूस तेथे होताच, त्याचे ऐकण्याची तयारी नव्हती. म्हणून मालकाच्या बाजूनेही काही पथ्ये सांगतो.

व्यवस्थापकाचे अधिकार लेखी द्यावेत. किती रकमेपर्यंतची खरेदी तो स्वतः करील आणि निकृष्ट काम पाडण्याचा हुकूम तो देऊ शकेल का, हे पहिल्या दिवशीच ठरावे. घरातील चार माणसांनी साइटवर जाऊन गवंड्याला परस्पर चार सूचना देऊ नयेत. जे सांगावयाचे ते एकानेच, एकालाच सांगावे. नकाशातील प्रत्येक बदलाची किंमत आणि लागणारे दिवस लिहून घेतल्याखेरीज बदल करू नये. आणि आठवड्यातून एकदा तासभर बैठक घेऊन पहिला प्रश्न 'काय झाले?' असा न विचारता 'काय अडले आहे?' असा विचारावा.

व्यापारात वेळ लावून दर पाडणे हे कौशल्य आहे. बांधकामात त्या कौशल्यास मर्यादा असते. यंत्राच्या किमतीत शेठजींनी बहुधा चार-पाच लाख वाचवले. महिन्याभराच्या व्याजाएवढीच ती रक्कम.

पुनर्विकासात किंवा नव्या गृहप्रकल्पात भागीदार होणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात, अभियंता, आर्किटेक्ट व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवर ती काढता येते. व्यवस्था चांगली आहे. पण प्रमाणपत्र किती काम झाले ते सांगते. ते योग्य क्रमाने झाले का, हे साइटवरची डायरी सांगते. प्रमाणपत्रावर विसंबून मी काय केले ते वर लिहिलेच आहे.

निवड करताना

माणूस निवडताना पदवी अवश्य पाहावी, पण तेथेच थांबू नये. त्याला विचारावे, "तुमचे कोणते काम मुदतीत पुरे झाले नाही आणि का?" जो म्हणेल की माझे एकही काम लांबले नाही, त्याने एक तर फार थोडी कामे केली आहेत किंवा तो खरे बोलत नाही. मागील साइटची डायरी दाखवण्यास सांगावे. पाऊस, मजुरांची संख्या, आलेला माल, अडलेले काम यांच्या नोंदी रोजच्या रोज आहेत का ते पाहावे. शक्य असल्यास त्याच्या चालू साइटवर न सांगता जावे आणि तेथील एखाद्या मुकादमास विचारावे, साहेब कसे आहेत? 'कडक आहेत, पण बिल अडवत नाहीत' असे उत्तर मिळाले तर तो माणूस हातचा सोडू नये. ठेकेदाराचे योग्य बिल वेळेवर मंजूर करणारा आणि अयोग्य बिल कापणारा, असे दोन्ही एकाच माणसात असावे लागते.

कबूल केल्याप्रमाणे चौथ्या दिवशी मी त्या परिचितांना फोन केला. शीतगृहाची हकिकत नावे वगळून सांगितली. शेवटी म्हणालो, "जाणता अभियंता नेमा, पगाराची घासाघीस करू नका आणि पुतण्याला त्याच्या हाताखाली द्या. मालाची आवक, हजेरी आणि बिले पुतण्याने सांभाळावीत. निर्णय अभियंत्याचा. दोन वर्षांत पुतण्या तयार होईल, पुढचे काम तो स्वतः करील."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "ते पटते हो साहेब. पण वहिनींना काय सांगू? पोराला साइटचा साहेब करतो म्हणून सांगून बसलो आहे."

"वहिनींना म्हणावे, आधी विद्यार्थी करतो, मग साहेब," मी म्हणालो. "आणि एक गोष्ट. तो अभियंता कधी तोंड पाडून तुमच्याकडे आला, तर त्या दिवशी त्याला चहा पाजा. कामावरून काढू नका."

ते हसले. ऐकतील की नाही, ठाऊक नाही. पण या वेळी मी बोललो, एवढे समाधान माझ्यापाशी आहे.